धनुष्याचे लाकूड

धनुष्य हे मानवाच्या अतिप्राचीन साधनांपैकी एक होय. ज्या देशात जे झाड वाढते, त्या झाडाचे धनुष्य त्या देशातील लोकांनी केले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार पदार्थांपासून केलेल्या धनुष्यांचा उल्लेख आहे. आपल्या सातपुड्यातील भिल्ल बांधव बांबूचा कामठा करतात आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची असते. इंग्लंडमधील तिरंदाज यू नावाच्या वृक्षाचे पुरुषभर उंचीचे धनुष्य वापरीत. १५४५ साली ‘मेरी रोझ’ नावाची इंग्रज युद्धनौका पोर्टस्मथ बंदराजवळ बुडाली. समुद्रतळाच्या गाळात रुतलेला तिचा सांगाडा १९८२ साली वर काढण्यात आला. त्या उत्खननात यू वृक्षाची शंभरांहून अधिक धनुष्ये मिळाली. चार शतकांहून अधिक काळ पाण्याखाली राहूनही त्यांचा आकार स्पष्ट ओळखू येत होता.

परंतु एक वृक्ष असा आहे की, त्याला नावच मुळी धनुष्यावरून मिळाले. हा वृक्ष दक्षिण अमेरिकेत, विशेषतः ब्राझीलच्या अरण्यात वाढतो. तेथे त्याला ‘इपे’ म्हणतात. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषा बोलली जाते. त्या भाषेत या वृक्षाचे दुसरे नाव ‘पाऊ द आर्को’ असे आहे. त्याचा अर्थ ‘धनुष्याचे लाकूड’. त्या अरण्यातील मूळ रहिवासी या लाकडाची धनुष्ये करीत. त्यावरून हे नाव रूढ झाले. हे लाकूड कसे असते, त्याचे धनुष्य कसे घडते आणि ते घडवताना कारागिराच्या बुद्धीचा व संयमाचा कसा कस लागतो, ते आपण या पाठात पाहू.

इपेचा वृक्ष अरण्यात तीस मीटरांहूनही उंच वाढतो. कोरड्या ऋतूत त्याची पाने गळून पडतात आणि नवी पालवी फुटण्यापूर्वीच सारा वृक्ष फुलांनी बहरून जातो. काही जातींची फुले सोन्यासारखी पिवळी, तर काहींची जांभळट गुलाबी असतात. हिरव्यागार अरण्यात असा एखादा पिवळाधमक वृक्ष फार लांबूनही नजरेत भरतो. आपल्या रानातील टेटू आणि पाडळ हे वृक्ष याच कुळातील आहेत. मुंबईच्या पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या परिसरात दरवर्षी गुलाबी फुलांनी डवरणारी जी झाडे लोक कौतुकाने पाहतात, तीही इपेचीच नातलग आहेत. मात्र त्यांचे लाकूड इपेइतके कठीण नसते.

इपेचे लाकूड गडद तपकिरी असते आणि त्यात हिरवट छटा दिसते. त्याचा जडपणा पाहून प्रथम हाताळणारा मनुष्य चकित होतो. एक घनफूट सागवानाचे वजन सुमारे १८ किलोग्रॅम भरते. तेवढ्याच इपेचे वजन सुमारे ३० किलोग्रॅम भरते. साधे लाकूड पाण्यावर तरंगते; इपेचा तुकडा मात्र बहुधा तळाला जातो. त्यात खिळा ठोकायचा झाल्यास आधी भोक पाडावे लागते, नाहीतर खिळाच वाकतो. करवतीचे दात आणि रंध्याचे पाते त्यावर लवकर बोथट होतात. पाऊस, ऊन आणि वाळवी यांना हे लाकूड सहसा दाद देत नाही. म्हणूनच न्यूयॉर्क शहरातील कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांना फिरण्यासाठी जो लांबच लांब लाकडी मार्ग बांधला आहे, त्यासाठी इपेच्या फळ्या वापरल्या गेल्या.

या टिकाऊपणाचे एक रहस्य लाकडाच्या आतच साठवलेले आहे. वृक्ष मोठा होऊ लागला की, त्याच्या गाभ्यात तेलकट व राळेसारखी द्रव्ये साचत जातात. ती कीटकांना व बुरशीला मानवत नाहीत. इपे कापताना जो भुसा पडतो, त्यात एक पिवळे द्रव्य असते. त्यावर साबणाचे किंवा चुन्याचे पाणी पडले की, ते लालभडक होते. हळदीत चुना मिसळला म्हणजे ती लाल होते, हे तुम्ही घरी पाहिले असेल; येथेही तसाच रंगपालट होतो. हा भुसा नाकात गेला तर शिंका येतात आणि काहींच्या अंगाला खाज सुटते. म्हणून इपेवर काम करणारे कारागीर तोंडानाकावर फडके किंवा मुखपट्टी बांधतात.

आता धनुष्याकडे वळू. धनुष्य वाकते तेव्हा लाकडात काय घडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. एक लांबट खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर शाईने सारख्या अंतरावर उभ्या रेषा ओढा आणि ते दोन्ही हातांनी वाकवा. बाहेरच्या कडेला रेषा एकमेकींपासून दूर जातील. आतल्या कडेला त्या एकमेकींजवळ येतील. म्हणजे वाकणाऱ्या वस्तूची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. धनुष्याचेही तसेच आहे. तिरंदाजाच्या समोरच्या, म्हणजे लक्ष्याकडील बाजूला धनुष्याची ‘पाठ’ म्हणतात. तिच्यावर ताण पडतो. तिरंदाजाकडील बाजूला ‘पोट’ म्हणतात. त्याच्यावर दाब पडतो. पाठ ताण सोसू शकली नाही, तर धनुष्य काडकन मोडते. पोट दाब सोसू शकले नाही, तर त्याचे तंतू चुरगळतात, त्यावर बारीक आडव्या सुरकुत्या उमटतात आणि धनुष्य हळूहळू निर्जीव होते.

यू वृक्षाच्या लाकडात निसर्गानेच या दोन्ही कामांची वाटणी करून ठेवली आहे. त्याच्या सालीखालचे पांढरट लाकूड ताण सोसते आणि आतले तांबूस लाकूड दाब सोसते. म्हणून जुने इंग्रज कारागीर एकाच दांड्यातून पाठ व पोट दोन्ही घडवीत. ब्राझीलच्या अरण्यातील लोकही एकाच सलग लाकडाचे लांब धनुष्य करीत आले आहेत. त्या मोठ्या अरण्यातील कित्येक लोकांकडे पूर्वी लोखंडाची हत्यारे नव्हती. तेव्हा यानोमामी लोक रानडुकराच्या सुळ्याने ताडाच्या जातीचे कठीण लाकूड खरवडून धनुष्य गुळगुळीत करीत. किती दिवसांची ही मेहनत असेल, याची कल्पना करून पाहा.

आजचे धनुष्य घडवणारे कारागीर इपेला पुष्कळदा एक जोडीदार देतात, आणि हा जोडीदार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे बांबू. बांबूच्या हिरव्या पाठीखाली बळकट तंतूंची दाटी असते. ताण सोसण्यात त्याची बरोबरी करणारे लाकूड क्वचितच आढळते. मात्र बांबूचे हे बळच कधीकधी अडचण होऊन बसते. त्याच्या जोडीला मऊ लाकडाचे पोट दिले, तर बांबूच्या ओढीपुढे ते पोट चुरगळून जाते. इपे मात्र दाबाला पुरून उरते. बलवान पाठीला तितकेच बलवान पोट मिळाले म्हणजे धनुष्य समतोल होते. हा बांबू तीन-चार वर्षांत तोडण्याजोगा होतो. इपेला मात्र त्यासाठी कित्येक दशके वाढावे लागते. अशा रीतीने अतिशय वेगाने वाढणारी वनस्पती आणि अतिशय संथपणे वाढणारा वृक्ष एका धनुष्यात एकत्र येतात.

प्रथम फळीची निवड करावी लागते. धनुष्यासाठी रुंद किंवा दिसायला सुंदर फळी लागत नाही. सरळ तंतूंची फळी लागते. लाकडातील तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेले पाहिजेत. ते मध्येच तिरके होऊन कडेबाहेर पडत असतील, तर त्याच जागी पुढे चीर पडते. गाठ असलेली फळीही चालत नाही. लाकूड पूर्ण वाळलेले हवे, कारण ओले लाकूड वाकल्यावर पुन्हा सरळ होत नाही. चांगला कारागीर दहा फळ्या उलटसुलट करून पाहतो आणि त्यांतील एकच उचलतो.

पुरुषभर उंचीच्या धनुष्यासाठी सुमारे १८० सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद पट्टी पुरते. ती मध्यभागी सुमारे दीड सेंटिमीटर जाड ठेवतात आणि टोकांकडे क्रमाक्रमाने पातळ करतात. बांबूची पट्टीही तेवढ्याच लांबीची घेतात. बांबूची आतली, मऊ बाजू रंध्याने तासून अगदी सपाट करतात; पट्टीच्या कडा जवळजवळ कागदासारख्या पातळ होतात. बाहेरच्या बाजूला मात्र हत्यार लावीत नाहीत. धनुष्याची सारी मदार त्याच तंतूंवर असते. एक तंतू तुटला, तर तो आपल्यावरचा भार शेजाऱ्यावर टाकतो आणि तुटण्याची मालिका सुरू होते. पेरांच्या गाठीदेखील तशाच उंचवट्यासह राखून ठेवतात.

त्यानंतर दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या असतात. येथेच इपेचा तेलकट स्वभाव आडवा येतो. अळवाच्या पानावर पाणी टाकले की ते पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. तेलकट लाकडावर सरसाचीही गत काहीशी तशीच होते. सरस लाकडात मुरत नाही, वरच्या वर राहतो, आणि धनुष्य ओढताच जोड उकलतो. शिवाय आज स्वच्छ केलेला पृष्ठभागही लाकडातील द्रव्ये वर येऊन पुन्हा तेलकट होतो. म्हणून कारागीर चिकटवण्याच्या अगदी आधी लाकूड नव्याने तासतो, त्यावर बारीक ओरखडे काढतो आणि स्पिरिट किंवा ॲसिटोन या द्रवात भिजवलेल्या फडक्याने ते पुसतो. फडके पिवळट तपकिरी होते. नवे फडके घेऊन तो पुन्हा पुसतो. फडके स्वच्छ निघू लागले की, क्षणाचाही विलंब न लावता तो इपॉक्सी नावाचा घट्ट सरस दोन्ही पट्ट्यांना लावतो, त्या एकमेकींवर ठेवतो आणि जागोजाग शिकंजे आवळतो. मग एक पूर्ण दिवस कोणीही त्या कामाला हात लावायचा नाही, असा नियम असतो.

दुसऱ्या दिवशी शिकंजे सुटतात. आता आपल्यापुढे असते ती एक ताठ काठी. तिला धनुष्य करायचे म्हणजे तिच्यात वाक आणायचा. या कामासाठी कारागिराजवळ एकच उपाय आहे. तो म्हणजे पोटाकडील लाकूड थोडेथोडे काढून टाकणे. पण किती काढायचे? येथे गणिताची मदत होते. पट्टीची रुंदी कमी केली, तर तिचा ताठपणा त्याच प्रमाणात कमी होतो. जाडी कमी केली, तर मात्र तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. पट्टी १० मिलिमीटर जाड असेल, तर दहाचा घन १०००. तिच्यातून एकच मिलिमीटर काढला, तर नवाचा घन ७२९. म्हणजे जाडी दहाव्या हिश्श्याने घटली, पण ताठपणा मात्र चौथ्या हिश्श्याहूनही अधिक गेला! आता तुमच्या ध्यानात येईल की, रंध्याचा एक निष्काळजी हात सबंध धनुष्याचा नाश कसा करू शकतो. काढलेले लाकूड पुन्हा लावता येत नाही.

म्हणून या टप्प्यावर मोठी हत्यारे बाजूला ठेवली जातात. कारागीर कानस घेतो आणि पुढे तर नुसती पोलादाची धारदार पट्टी घेऊन लाकूड खरवडतो. प्रथम तो धनुष्याचे एक टोक जमिनीवर टेकवून, मुठीच्या जागी हलकेच दाब देऊन बाहू कसा वाकतो ते पाहतो. मुठीच्या वरचा भाग हा एक बाहू आणि खालचा भाग हा दुसरा. दोन्ही बाहू थोडे वाकू लागले की, टोकांजवळ खाचा पाडून एक लांब दोरी अडकवतो. मग तो धनुष्याची मूठ एका उभ्या खांबाच्या माथ्यावर ठेवतो आणि दोरी खाली ओढतो. खांबाला ओळीने खाचा पाडलेल्या असतात. पहिल्या दिवशी दोरी पहिल्या खाचेपर्यंतच आणायची, आणि तीत अडकवून चार पावले मागे सरून धनुष्याकडे पाहायचे. हत्यार चालवण्यापेक्षा या पाहण्यालाच अधिक वेळ लागतो.

काय पाहायचे? दोन्ही बाहूंची कमान सारखी आहे का? बाहूचा कोणता भाग काठीसारखा सरळ राहिला आहे? कोणता भाग बिजागरीसारखा एकाच ठिकाणी वाकतो आहे? जो भाग सरळ राहिला, तो ताठ आहे. तो आपल्या वाट्याचे काम करीत नाही. जो भाग अधिक वाकला, तो दुबळा आहे. त्याच्यावर इतरांच्या वाट्याचा भार पडला आहे. नवशिक्या मनुष्याचे लक्ष साहजिकच दुबळ्या भागाकडे जाते आणि त्याचा हात तेथेच वळतो. परंतु दुबळ्या भागातून लाकूड काढले, तर तो अधिकच दुबळा होतो आणि तेथेच मोडतो. दुबळ्या भागाला मुळीच हात लावायचा नाही. त्याच्या शेजारचे जे ताठ भाग आहेत, त्यांच्यावर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि फक्त तेथील लाकूड खरवडायचे. ते भाग वाकू लागले की, दुबळ्या भागावरचा भार आपोआप हलका होतो.

पोलादी पट्टीचे पाच-सहा हात फिरवले की, पुन्हा धनुष्य खांबावर चढवायचे. दोरी वीस-तीस वेळा हळूहळू ओढायची आणि सोडायची. लाकडाला झालेला बदल अंगी बाणवायला थोडा अवधी लागतो. लगेच पाहिले तर फसगत होते. मग पुन्हा चार पावले मागे, पुन्हा निरीक्षण, पुन्हा खुणा. दोन्ही बाहू एकसारखे वाकले, तरच पुढच्या खाचेपर्यंत दोरी ओढायची. एखादा भाग चुकत असताना दोरी अधिक ओढली, तर त्या भागाचे तंतू कायमचे चुरगळतात. घाईने पुढच्या खाचेवर गेलेल्या मनुष्याला बहुधा मोडलेल्या धनुष्याचे दोन तुकडेच मिळतात. अशा प्रकारे एकेक खाच उतरत दोरी शेवटी सुमारे ७० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे बाणाच्या पुऱ्या लांबीइतकी मागे येते. तेव्हा दोन्ही बाहूंची कमान चंद्रकोरीसारखी डौलदार दिसते. वरचा बाहू खालच्यापेक्षा किंचित अधिक वाकता ठेवण्याचीही पद्धत आहे.

उरलेली कामे त्या मानाने सोपी आहेत. कडा कानशीने गोलसर करायच्या, म्हणजे हाताला बोचत नाहीत आणि कडेपासून चीर सुरू होत नाही. काचकागदाने अंग घासायचे. इपे इतके दाट असते की, नुसते घासल्यावरही त्याला चकाकी येते. मुठीवर चामड्याची पट्टी गुंडाळायची. टोकांच्या खाचा नीट कोरायच्या. अनेक पदरी पिळाची भक्कम दोरी करून ती चढवायची. आपल्या प्राचीन ग्रंथांत या दोरीला ‘ज्या’ किंवा ‘प्रत्यंचा’ म्हटले आहे. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून किती दूर असावी, याचे एक जुने माप आहे. हाताची मूठ वळून धनुष्याच्या मुठीवर ठेवावी आणि अंगठा उभा करावा. अंगठ्याचे टोक दोरीला लागले म्हणजे अंतर योग्य आहे.

धनुष्य तयार झाले, तरी ते जपून वापरावे लागते. बाण न लावता दोरी ओढून सोडणे हा मोठा अपराध समजला जातो. आपण दोरी ओढतो तेव्हा आपल्या बाहूंची शक्ती हळूहळू धनुष्यात साठते. दोरी सुटताच ती शक्ती एका क्षणात बाणाला मिळते. बाणच नसेल, तर ती जाणार कोठे? ती उलट धनुष्यावरच आदळते आणि ते फुटू शकते. काम संपताच दोरी उतरवून ठेवावी, नाहीतर लाकडाला कायमचा बाक येतो. आणखी एक नियम तर कधीच विसरता कामा नये. बाण लावलेले धनुष्य मनुष्याकडे किंवा कोणत्याही मुक्या प्राण्याकडे चुकूनही रोखू नये. मुलांनी तर तिरंदाजीचा सराव जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा.

आता पुन्हा त्या अरण्याकडे वळू. इपेचे वृक्ष अरण्यात दाटीने उगवत नाहीत; ते एकमेकांपासून दूर दूर विखुरलेले असतात. एका वृक्षापर्यंत पोचण्यासाठी वाट काढायची म्हणजे आजूबाजूची अनेक झाडे पाडावी लागतात. घरांच्या ओसऱ्या आणि किनाऱ्यावरचे मार्ग यांसाठी या लाकडाला परदेशांतून फार मोठी मागणी आली आणि त्यापायी पुष्कळ वृक्ष बेकायदेशीरपणे तोडले गेले. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ नावाचा एक करार आहे. त्या करारातील राष्ट्रांनी २०२२ साली पनामा येथे भरलेल्या परिषदेत इपेला संरक्षित वनस्पतींच्या यादीत स्थान दिले. हा नियम २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाला. त्यानुसार, लाकूड कायदेशीरपणे तोडलेले आहे आणि त्या तोडीने ही जात धोक्यात येत नाही, याची खात्री झाल्यावाचून त्याच्या निर्यातीला परवाना मिळत नाही.

धनुष्याला लाकूड किती लागते? एक बारीक पट्टी! बांधकामातून उरलेली, कोणी बाजूला टाकून दिलेली इपेची एखादी सरळ फळी मिळाली, तरी तिच्यातून उत्तम धनुष्य निघते. पुष्कळ कारागीर असेच करतात. नवा वृक्ष तोडायला लावण्यापेक्षा तोडलेल्या वृक्षाचा कणन्‌कण सार्थकी लावावा, हे त्यांना अधिक योग्य वाटते. जे लाकूड तयार होण्यास वृक्षाला कित्येक दशके ऊन, पाऊस आणि वारा सोसावा लागला, ते आपल्या एका दिवसाच्या घाईने वाया जावे, हे कोणत्याही खऱ्या कारागिराला रुचत नाही. म्हणून तो चार पावले मागे सरतो, नीट पाहतो, आणि जेथे काढण्याची गरज नाही तेथे आपला हात आवरतो. धनुष्याची कमान सुंदर होते ती या आवरलेल्या हातामुळेच.

शब्दार्थ

कामठा – बांबूचे धनुष्य. गाभा – खोडाचा आतला, घट्ट भाग. राळ – झाडातून निघणारा चिकट पदार्थ. चिवट – सहज न तुटणारे. शिकंजा – दोन वस्तू घट्ट आवळून धरण्याचे साधन. कानस – घासून आकार देण्याचे खरखरीत पोलादी हत्यार. वाक – वाकण्याचा आकार, बाक. प्रत्यंचा – धनुष्याची दोरी.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘पाऊ द आर्को’ या नावाचा अर्थ काय? ते नाव कशावरून रूढ झाले?
(आ) इपे आणि बांबू यांची जोडी चांगली का जमते?
(इ) इपे चिकटवताना कोणती अडचण येते? कारागीर ती कशी दूर करतो?
(ई) बाण न लावता दोरी का सोडू नये?

२. कारणे सांगा.
(अ) बांबूच्या बाहेरच्या बाजूला हत्यार लावीत नाहीत.
(आ) धनुष्याच्या दुबळ्या भागातून लाकूड काढीत नाहीत.
(इ) २०२२ साली इपेला संरक्षित वनस्पतींच्या यादीत स्थान देण्यात आले.

३. एक पट्टी ८ मिलिमीटर जाड आहे. ती ४ मिलिमीटर जाड केली, तर तिचा ताठपणा पूर्वीच्या कितवा हिस्सा उरेल? पाठात दिलेल्या नियमाने काढा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
कस लागणे, दाद न देणे, पुरून उरणे, सार्थकी लावणे, हात आवरणे.

५. तुमच्या गावातील एखाद्या सुताराला, बुरुडाला किंवा अन्य कारागिराला भेटा. त्याच्या कामात कोणत्या टप्प्यावर सर्वांत अधिक धीर धरावा लागतो, ते विचारून दहा ओळी लिहा.